हायड्रोजन होता, पण सुटत नव्हता: एका व्हिसब्रेकरमधल्या डोनर सॉल्व्हंटचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जुन्या रिफायनरीतलं आहे. रिफायनरी किंवा माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत, आणि प्लांटचे आतले आकडे दिलेले नाहीत. खाली जे आकडे येतात ते रसायनशास्त्राचे, साध्या गणिताचे किंवा सगळ्यांनाच लागू असलेल्या नियमांचे आहेत. मी तेव्हा टेक्निकल सर्व्हिसेस विभागात होतो आणि व्हिसब्रेकर युनिट माझ्याकडे होतं.

ज्यांनी व्हिसब्रेकर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कच्च्या तेलातून गॅस, नाफ्था, रॉकेल, डिझेल निघून गेल्यावर आणि उरलेलं तेल निर्वाताखाली पुन्हा ऊर्ध्वपातित केल्यावर तळाशी जे राहतं तो व्हॅक्यूम रेसिड्यू. गरम असेपर्यंत वाहतो, थंड झाला की डांबर. व्हिसब्रेकरमध्ये तो भट्टीच्या नळ्यांतून साधारण ४४० ते ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि सोकर नावाच्या उभ्या ड्रममध्ये काही मिनिटं मुरू देतात. लांब रेणू थोडे तुटतात, घट्टपणा उतरतो. मग फर्नेस ऑइल बनवताना त्यात कटर कमी घालावा लागतो. कटर म्हणजे पातळ करण्यासाठी मिसळलेलं हलकं तेल. आमच्याकडे कटर म्हणून एफसीसी युनिटचं (जड तेल उत्प्रेरकावर तोडणाऱ्या युनिटचं) लाइट सायकल ऑइल, म्हणजे एलसीओ, आणि व्हिसब्रेकरचंच गॅसऑइल वापरलं जायचं.

२०२० साल या धंद्याला दोन बाजूंनी लागलं. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा जगभर ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यावर आली, त्यामुळे गंधकवाल्या फर्नेस ऑइलची किंमत घसरली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल लागू झालं, गंधक १० पीपीएम, म्हणजे दहा लाखात १० भाग. आता एलसीओचा प्रत्येक टन डिझेल हायड्रोट्रीटरकडे (उत्प्रेरकावर हायड्रोजन देऊन गंधक काढणाऱ्या युनिटकडे), म्हणजे डीएचडीटीकडे, ओढला जाऊ लागला, कारण तिथं त्याचं डिझेल होतं आणि फर्नेस ऑइलमध्ये ओतला तर तो स्वस्तात जातो. म्हणजे कटर महाग झाला, आणि ज्यात तो घालायचा ते तेल स्वस्त झालं. त्यातच खरेदी विभागाचा कल जड कच्च्या तेलांकडे होता. मेक्सिकोचं माया, व्हेनेझुएलाचं मेरे यांसारखी तेलं सवलतीत मिळतात ती उगाच नाही. त्यांच्या तळाशी रेसिड्यू जास्त, त्यात अस्फाल्टीन, म्हणजे तेलातले सगळ्यात जड रेणू, जास्त, आणि ते अस्फाल्टीन तापवल्यावर त्रास देतात.

अडचण

जड तेलाचा वाटा वाढला तशी भट्टीच्या नळ्यांची पृष्ठताप-वाचनं लवकर चढू लागली. दूध तळाला लागतं तसा नळीच्या आतल्या भिंतीवर कोक, म्हणजे कार्बनचा कडक थर, बसतो. तो उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून बाहेरून धातू जास्त तापवावा लागतो, आणि धातूची मर्यादा आली की युनिट बंद करून वाफ-हवेनं डिकोकिंग, म्हणजे कोक काढून टाकण्याचं काम, करावं लागतं. दोन डिकोकिंगमधलं अंतर कमी होत चाललं होतं.

दुसरी खूण प्रयोगशाळेतून येत होती. व्हिसब्रेकरच्या तळाच्या मालाची स्थिरता पी-व्हॅल्यूवर मोजतात. नमुन्यात सिटेन, म्हणजे सोळा कार्बनची सरळ साखळी, थोडं थोडं घालत जायचं आणि अस्फाल्टीन कधी खाली बसतात ते पाहायचं. एका ग्रॅमला जितके मिलिलिटर सिटेन सोसलं त्यात १ मिळवला की पी-व्हॅल्यू. १ म्हणजे माल काठावर उभा आहे, एक थेंबही सोसत नाही. बहुतेक युनिटं १.१ च्या वर राहण्याची काळजी घेतात. आमचा आकडा त्या रेषेला वारंवार टेकू लागला होता. तयार इंधनाला आणखी एक अट असते: गरम गाळणीतून गाळल्यावर राहणारा गाळ वजनाच्या ०.१० टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. पी-व्हॅल्यू घसरली की पाठोपाठ हा गाळ वाढतो, कधी टाकीत, कधी थेट गिऱ्हाइकाच्या बर्नरमध्ये.

असं का होतं हे समजल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत. उष्णतेनं कार्बन-कार्बन बंध तुटतो तेव्हा दोन तुकडे होतात आणि दोघांचाही एकेक हात मोकळा राहतो. हे फ्री रॅडिकल. त्याला जवळपास हायड्रोजन मिळाला तर हात भरतो आणि एक शांत, हलका रेणू तयार होतो. नाही मिळाला तर तो दुसऱ्या तुकड्याचा हात धरतो, आणि तुटण्याऐवजी जोडकाम सुरू होतं. अस्फाल्टीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. त्याच्या कडेच्या साखळ्या गळून पडतात आणि नुसता सुगंधी, म्हणजे बेंझीनसारख्या (ॲरोमॅटिक), वलयांचा गाभा उरतो. त्याच वेळी भोवतालचं तेल हलक्या पॅराफिनी (वलयं नसलेल्या, साखळीच्या) तुकड्यांनी भरत जातं. विरघळणारा जास्त हट्टी होतो आणि विरघळवणारं जास्त दुबळं. एका क्षणी अस्फाल्टीन वेगळे पडतात, आणि त्या वेगळ्या पडलेल्या थरात हायड्रोजन पोचतच नाही म्हणून तिथं झपाट्यानं कोक होतो. त्यामुळे सुरुवातीला काही वेळ कोक दिसतच नाही आणि मग एकदम दिसतो. भट्टी चालवणाऱ्याला हा उशीर फसवतो.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय भट्टीचं तापमान उतरवण्याचा होता. स्थिरता लगेच सुधारते, पण घट्टपणा उतरत नाही आणि कटर वाढतो. ज्या कारणासाठी व्हिसब्रेकर आहे तेच जातं. नळ्यांत कोक कमी बसावा म्हणून अँटिफाउलंट रसायनं मिळतात. ती आम्ही आधीपासून घालत होतो, त्यांचा उपयोग होता पण अपुरा. डिलेड कोकर, म्हणजे रेसिड्यूचा मुद्दाम कोक करून हलकी तेलं काढणारं युनिट, बसवणं हे खरं दीर्घकालीन उत्तर होतं. त्याला जागा, भांडवल आणि काही वर्षं लागतात. आमच्या कुंपणाला लागून वस्ती आलेली, जागेचा प्रश्न तिथंच संपला. सॉल्व्हंट डीअस्फाल्टिंगचाही, म्हणजे द्रावकानं अस्फाल्टीन वेगळे काढण्याचाही, विचार झाला, पण त्यातून निघणाऱ्या पिचचं, म्हणजे उरलेल्या घट्ट डांबराचं, काय करायचं याला उत्तर नव्हतं.

उरला तो डोनर सॉल्व्हंट, म्हणजे आपला हायड्रोजन दुसऱ्याला देणारा द्रावक. कल्पना जुनी आहे. कोळसा टेट्रालिनसारख्या द्रावकात तापवून विरघळवण्याचं काम जर्मनीत पॉट आणि ब्रॉख यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच केलं होतं. तेलाच्या रेसिड्यूवर हीच गोष्ट एसो या तेल कंपनीच्या संशोधकांनी १९६० च्या आसपास करून दाखवली. पुढे एक्सॉननं कोळशासाठी टेक्सासमधल्या बेटाउन इथं दिवसाला २५० टनांचा डोनर सॉल्व्हंट पायलट प्लांट १९८० ते १९८२ या काळात चालवला. त्यात द्रावक वेगळ्या शाखेत उत्प्रेरकावर हायड्रोजननं पुन्हा भरून परत वापरला जाई.

तत्त्व हातउसन्याचं आहे. टेट्रालिन दोन वलयांचा रेणू. एक वलय सुगंधी, दुसरं हायड्रोजननं भरलेलं. गरम रेसिड्यूत मोकळा हात दिसला की तो आपला हायड्रोजन देतो. एकूण चार अणू देऊन त्याचं नॅफ्थालीन होतं. मग ते नॅफ्थालीन हायड्रोट्रीटरमध्ये नेऊन उसनवारी फेडून घ्यायची आणि पुन्हा कामाला लावायचं. यातली सगळ्यात मोठी सोय अशी की जो रेसिड्यू धातू आणि अस्फाल्टीनांमुळे उत्प्रेरक मारून टाकतो, त्याला उत्प्रेरकाजवळ न्यावंच लागत नाही. उत्प्रेरक फक्त स्वच्छ द्रावक पाहतो.

मी कागदावर केलेला हिशेब इथं देतो, कारण सगळ्यांना पटला तो त्यामुळेच. टेट्रालिनचा रेणुभार १३२, त्यातले ४ हायड्रोजन जातात, म्हणजे वजनानं जेमतेम ३ टक्के. १०० किलो रेसिड्यूला २५ किलो टेट्रालिन दिलं आणि ते पूर्ण खर्ची पडलं तर पाऊण किलो हायड्रोजन मिळतो. दुसरीकडे, रेसिड्यूच्या रेणूचा सरासरी भार ८०० धरला आणि प्रत्येक रेणू एकदा तुटला, तर दोन मोकळे हात भरायला ८०० ला २, म्हणजे १०० किलोला पाव किलो हायड्रोजन पुरतो. व्हिसब्रेकिंगमध्ये तर प्रत्येक रेणू तुटतही नाही. म्हणजे पुरवठा गरजेच्या तिप्पट. यातून डिझेल होत नाही, त्याला किती तरी जास्त हायड्रोजन लागतो. पण जोडकाम थांबवायला इतका बास आहे.

हिशेब बरोबर होता. प्रत्येक किलो हायड्रोजन रेसिड्यूपर्यंत पोचेल आणि सुटेल, हे त्यात गृहीत धरलेलं होतं.

पहिला निर्णय: टेट्रालिन

प्रयोगशाळेत छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात, नुसता रेसिड्यू आणि रेसिड्यू अधिक टेट्रालिन असे दोन प्रयोग झाले. फरक डोळ्यांना दिसत होता. पहिल्या भांड्याच्या भिंतीवर काळी पापडी, खरवडून काढावी लागली. दुसरं भांडं टोल्युइननं धुतलं की स्वच्छ. पी-व्हॅल्यूही चांगली.

त्या दिवशी प्रयोगशाळेच्या इनचार्ज मॅडमनी विचारलं, “सर, हे टेट्रालिनच्या हायड्रोजनमुळे झालं, की नुसतं चांगलं द्रावक मिळाल्यामुळे? मिथिलनॅफ्थालीन घालून एकदा बघू या का?”

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. १-मिथिलनॅफ्थालीन टेट्रालिनइतकंच, किंबहुना जास्तच, अस्फाल्टीन विरघळवतं, पण देण्यासारखा हायड्रोजन त्याच्याकडे नाही. त्याचा एक प्रयोग केला असता तर पातळ होण्याचा परिणाम आणि हायड्रोजन मिळण्याचा परिणाम वेगळे करता आले असते. ते रसायन मागवायला दोन-तीन आठवडे लागणार होते आणि आढावा बैठक त्याच आठवड्यात होती. मी म्हटलं, “मॅडम, नंतर करू.” त्या काही बोलल्या नाहीत, वहीत मात्र नोंद केली.

बैठकीत दोन भांड्यांचे फोटो दाखवले. प्लांटमध्ये चाचणी घ्यायची ठरली.

दुसरा निर्णय: प्लांटमध्ये डोनर कोणता

टेट्रालिन टनावारी विकत घेऊन व्हिसब्रेकरमध्ये ओतणं शक्य नव्हतं. रिफायनरीतलाच एखादा प्रवाह हवा होता. एलसीओत दोन वलयांचे सुगंधी रेणू भरपूर असतात, म्हणजे नॅफ्थालीनचे भाऊबंद. ते हायड्रोजननं भरले की टेट्रालिनसारखे रेणू व्हायला हवेत. आणि एलसीओ तर डीएचडीटीत जातच होता! मग एलसीओचं प्रमाण जास्त ठेवून डीएचडीटीतून निघालेला जड कट, म्हणजे जड भाग, घ्यायचा असं मी सुचवलं. तपासणीत त्यातला हायड्रोजन कच्च्या एलसीओपेक्षा खूपच जास्त आला. मला ते चांगलं लक्षण वाटलं. जितका जास्त हायड्रोजन तितका चांगला डोनर, असं मी धरून चाललो होतो.

डीएचडीटी कशासाठी बांधलेलं आहे ते इथं आठवायला हवं होतं. उच्च दाबाखाली गंधक १० पीपीएमच्या खाली न्यायचं आणि सिटेन आकडा (डिझेल किती सहज पेट घेतं याचं माप) वाढवायचा, हे त्याचं काम. सिटेन वाढवायचा तर वलयं शक्य तितकी भरून टाकायची. नॅफ्थालीन टेट्रालिनवर थांबत नाही, डेकालिनपर्यंत जातं. डेकालिनच्या दोन्ही वलयांत हायड्रोजन भरलेला असतो, नॅफ्थालीनपेक्षा दहा अणू जास्त, वजनाच्या ७ टक्क्यांहून अधिक. हिशेबात तो टेट्रालिनच्या दुपटीहून श्रीमंत. पण उत्प्रेरक नसताना तो हायड्रोजन सोडायला तयार नसतो. टेट्रालिन देतो कारण शेजारी सुगंधी वलय आहे. त्या वलयालगतच्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो, आणि तो गेल्यावर उरलेल्या तुकड्याला त्या वलयाचा आधार मिळतो. दोन्ही वलयं भरली की तो आधारच संपतो. शिवाय डेकालिन अस्फाल्टीन विरघळवायलाही कच्चं. म्हणजे आम्ही निवडलेला प्रवाह डोनर म्हणून दुबळा होता आणि द्रावक म्हणून चक्क उलट बाजूचा, सिटेनच्या बाजूचा.

चाचणी

पाच दिवस चालवायचं ठरलं होतं. ती तिसऱ्या दिवशी बंद केली.

पहिल्या पाळीतच पॅनेलवर फ्रॅक्शनेटरचा, म्हणजे सोकरनंतर तेलं वेगळी करणाऱ्या मनोऱ्याचा, वरचा भार वाढलेला दिसला. पॅनेलवर आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी मला बोलावून गॅसऑइलच्या प्रवाहाचा आलेख दाखवला. “साहेब, आपण खालून जेवढं घालतोय जवळजवळ तेवढंच वरून निघतंय. हे सोकरमध्ये थांबतच नाही.”

ते खरं होतं. सोकरचा दाब सात-आठ किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढा. डिझेलच्या पट्ट्यात उकळणारं तेल ४४० अंशांना या दाबाखाली द्रव राहत नाही, बहुतांश वाफ होतं. ऑटोक्लेव्ह बंद भांडं होतं, तिथं टेट्रालिनच्या स्वतःच्याच वाफेनं दाब चढत गेला आणि बरंचसं टेट्रालिन रेसिड्यूतच राहिलं. २०७ अंशांना उकळणारं टेट्रालिन ४३० अंशांना द्रव ठेवायला सात-आठ किलोच्या किती तरी वर दाब लागतो. बंद भांड्यानं तो फुकट दिला होता आणि आम्ही तो मोजला होता, नोंदलाही होता, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

पुढची साखळी अशी लागली. वाफ सोकरमधली जागा खाऊ लागली, त्यामुळे द्रवाचा आत राहण्याचा वेळ कमी झाला. मुरणं कमी म्हणून तळाच्या मालाचा घट्टपणा वाढला. दुसऱ्या रात्री शिफ्ट इनचार्जनी फोन करून भट्टीचं तापमान थोडं वाढवायची परवानगी मागितली, आणि मी दिली. हा या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त सलणारा निर्णय आहे, कारण त्या क्षणी माझ्याकडे काकांचं निरीक्षण होतं. डोनर द्रवात नाही हे माहीत असताना, तो संरक्षण देतो आहे असं धरून मी तापमान वाढवू दिलं. सकाळच्या नमुन्यात पी-व्हॅल्यू आमच्या रेषेखाली आली.

आणखी एक गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. वरून निघालेलं गॅसऑइल नेहमीच्या वाटेनं कटर म्हणून फर्नेस ऑइलच्या टाकीत जात होतं. एरवी ते बऱ्यापैकी सुगंधी असतं. आता त्यात आमचा भरलेला, पॅराफिनी-नॅफ्थेनी (म्हणजे सुगंधी वलयं फारशी नसलेला) कट मिसळला होता. म्हणजे आधीच काठावर आलेल्या मालात आम्ही स्वतःच्या हातानं सिटेनचा सख्खा भाऊ ओतत होतो. पी-व्हॅल्यूची चाचणी प्रयोगशाळेत जे करते ते आम्ही अख्ख्या टाकीवर केलं. गरम गाळणीचा आकडा मर्यादेबाहेर गेला. चाचणी थांबवली, टाकी वेगळी काढली. एफसीसीच्या तळाचं क्लॅरिफाइड ऑइल, सीएलओ, घालून गाळ वाढणं थांबवलं आणि ती टाकी थोडी थोडी करत चांगल्या मालात मिसळून संपवायला पुष्कळ दिवस लागले. गिऱ्हाइकाकडे खराब माल गेला नाही.

पुन्हा प्रयोगशाळेत

आमच्या विभागप्रमुख साहेबांनी त्या वेळी घेतलेली भूमिका नोंदवण्यासारखी आहे. प्रकल्प बंद करा असं म्हणणं त्यांना सोपं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की कल्पना चुकली की निवड चुकली, हे सांगता येईल असा प्रयोग कोणता? मॅडमनी जुनी वही काढली.

या वेळी चार भांडी लागली: नुसता रेसिड्यू, रेसिड्यू आणि मिथिलनॅफ्थालीन, रेसिड्यू आणि टेट्रालिन, रेसिड्यू आणि डेकालिन. तापमान, वेळ, प्रमाण सगळ्यांना सारखं. मिथिलनॅफ्थालीननं कोक बराच कमी केला. आम्ही टेट्रालिनच्या नावावर जमा केलेल्या फायद्याचा मोठा हिस्सा नुसत्या विरघळवण्याचा निघाला. टेट्रालिन त्याच्याही पुढे गेलं, आणि तापमान वाढवलं तसा दोघांतला फरक रुंदावला; तो हायड्रोजनचा वाटा. डेकालिनच्या भांड्यात गाळ होता. नुसत्या रेसिड्यूपेक्षा ते काही बरं नव्हतं.

मग तेच प्रयोग दाब सात-आठ किलोवर धरून, वाफ बाहेर पडू देऊन केले. टेट्रालिनचा फायदा जवळजवळ गेला. प्लांटमध्ये दिसलं तेच आता बाकावर दिसत होतं, आणि मला आठवतं, ते पाहून आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं होतं.

आता प्रश्न नीट मांडता आला: सोकरच्या दाबाखालीही द्रव राहील इतका जड, अस्फाल्टीन विरघळवेल इतका सुगंधी, आणि अर्धवटच भरलेला असा रेणू कुठं मिळेल? उत्तर टाकी वाचवताना आम्ही वापरलंच होतं. सीएलओ साधारण ३४० अंशांच्या वर उकळतं आणि त्यात तीन-चार वलयांचे रेणू असतात. फिनान्थ्रीन, पायरीन यांच्यासारख्या रेणूंचं एखादं वलय सौम्य हायड्रोजनेशननं भरलं की चांगले डोनर तयार होतात. अँथ्रासीनपासून होणारं ९,१०-डायहायड्रोअँथ्रासीन तर टेट्रालिनपेक्षाही सहज हायड्रोजन सोडतं. अनेक वलयांच्या रेणूत पहिलं वलय भरणं सोपं असतं, शेवटचं अवघड, त्यामुळे मध्येच थांबणंही जमतं.

एका संशोधन संस्थेच्या पायलट रिॲक्टरवर गाळलेलं सीएलओ सौम्य, मध्यम आणि कडक अशा तीन तऱ्हांनी हायड्रोट्रीट करून घेतलं. या वेळी एकूण हायड्रोजनच्या आकड्यावर विसंबलो नाही. प्रत्येक नमुना अँथ्रासीनसोबत तापवला आणि किती अँथ्रासीनचं डायहायड्रोअँथ्रासीन झालं ते गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजलं. म्हणजे द्रावकाकडे हायड्रोजन किती आहे यापेक्षा तो किती देतो हे पाहिलं. एकूण हायड्रोजन कडक नमुन्यात सगळ्यात जास्त होता. दिला मात्र सगळ्यात जास्त मध्यम नमुन्यानं. रेसिड्यूवरच्या प्रयोगातही क्रम तोच राहिला. सोकरच्या दाबावरही मध्यम नमुन्याचा फायदा टिकला.

निष्पत्ती

तरीही पूर्ण डोनर-चक्र उभारलं गेलं नाही. त्यासाठी सीएलओपुरता वेगळा छोटा हायड्रोट्रीटर लागतो, कारण डीएचडीटी मध्यम पातळीवर थांबू शकत नाही आणि थांबवला तर डिझेल बिघडतं. हायड्रोजन लागतो, आणि बीएस-६ नंतर रिफायनरीत हायड्रोजनची ओढाताण असते. सीएलओत एफसीसी उत्प्रेरकाची बारीक धूळ असते. ती हायड्रोट्रीटरचा थर तुंबवते, आणि जहाजाच्या नेहमीच्या जड इंधनात ॲल्युमिनियम अधिक सिलिकॉन ६० पीपीएमच्या वर चालत नाही, म्हणून गाळणी चांगलीच हवी. त्यातून सीएलओ कार्बन ब्लॅकवाल्यांना चांगल्या भावानं विकलं जातं. हे सगळं मांडल्यावर गुंतवणुकीचा प्रस्ताव साहेबांनी पुढे नेला नाही, आणि मला ते योग्य वाटलं.

पण चार भांड्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट वापरात आली. फायद्याचा मोठा हिस्सा नुसत्या विरघळवण्याचा असेल, तर तो हायड्रोजनशिवायही मिळतो. धूळ बसू दिलेलं, गाळलेलं कच्चं सीएलओ थोड्या प्रमाणात व्हिसब्रेकरच्या फीडमध्ये घालायला सुरुवात केली. भट्टीचं तापमान वाढवलं नाही. ही अट या वेळी लेखी होती. पी-व्हॅल्यू रेषेच्या वर स्थिरावली आणि नळ्यांचं तापमान चढण्याचा वेग कमी झाला, डिकोकिंग लांबलं. रसायनाच्या दृष्टीनं हा डोनर सॉल्व्हंट नाही, आणि आमच्या अहवालात तसा शब्द वापरू नये यासाठी मॅडम आग्रही होत्या. त्यांचा आग्रह बरोबर होता. जड तेलाचा वाटा आणखी वाढला आणि जास्त कडक तापमानावर जावं लागलं, तर नुसतं विरघळवणं पुरणार नाही. टेट्रालिन आणि मिथिलनॅफ्थालीन यांच्यातला तो रुंदावणारा फरक तेव्हा लागेल.

वेगळं काय करता आलं असतं

मिथिलनॅफ्थालीनचा प्रयोग पहिल्या आठवड्यात करायला हवा होता. तीन आठवड्यांचा उशीर परवडला नाही म्हणून जे पुढे गमावलं ते कित्येक पट होतं. आढावा बैठक पुढे ढकलायची विनंती मी केलीच नव्हती. केली असती तर ती मान्य झाली असती असं साहेबांनी नंतर स्वतः सांगितलं.

दुसरं, प्लांटच्या दाबावर आणि तापमानावर सॉल्व्हंटचा किती भाग द्रव राहतो हे गणित संगणकावर अर्ध्या तासाचं आहे. आम्ही ते चाचणीनंतर केलं. डोनरचं रसायन आम्ही इतकं मन लावून वाचत होतो की तो कुठं आहे, द्रवात की वाफेत, हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही. पॅनेलवरच्या माणसाला तो पहिल्याच पाळीत दिसला. चाचणीचा आराखडा ठरवताना काकांना बोलावलं असतं तर कदाचित बैठकीतच दिसला असता. त्यानंतरच्या चाचण्यांच्या बैठकीला पॅनेल ऑपरेटर असतो.

तिसरं, चाचणी कधी थांबवायची हे आधी ठरलेलं नव्हतं. पी-व्हॅल्यू इतकी झाली की थांबायचं, वरचा प्रवाह इतका वाढला की थांबायचं, आणि चाचणीच्या काळात भट्टीचं तापमान कुणीही, कुठल्याही कारणानं वाढवायचं नाही, असं कागदावर असतं तर रात्रीच्या त्या फोनवर मला वेगळं उत्तर देणं सोपं गेलं असतं. आणि घातलेला प्रत्येक प्रवाह शेवटी कुठल्या टाकीत पोचतो ती वाट शेवटपर्यंत काढून पाहायला हवी होती. आम्ही ती फक्त सोकरपर्यंत काढली होती.

एक प्रश्न उघडा आहे. डोनर चक्रात फिरवायचा तर प्रत्येक फेरीत त्यात व्हिसब्रेकरचं नवं गॅसऑइल मिसळत जाणार, आणि त्यातले पॅराफिन हायड्रोट्रीटरमध्ये सुधारत नाहीत, साचत जातात. पाच-सहा फेऱ्यांनंतर मध्यम नमुना किती देतो, की तोही डीएचडीटीच्या कटासारखा होत जातो? त्यासाठी राखून ठेवलेला सीएलओचा ड्रम प्रयोगशाळेच्या मागच्या शेडमध्ये आहे. मॅडमच्या वहीत त्या प्रयोगाचं पान आखलेलं आहे, पहिल्या रकान्यात अँथ्रासीनची चाचणी, दुसऱ्यात पी-व्हॅल्यू, आणि सगळ्यात वर मिथिलनॅफ्थालीनची ओळ.